सुतळीची पेटी आणि टिंबं-रेघा

रविवार, ४

पेटी ठेवली एकदाची. पाण्याच्या टाकीमागे निलगिरीची झाडं आहेत, त्यातल्या सातव्या झाडाच्या बुंध्याशी. दोन महिने राबले, आणि ठेवायला लागली फक्त चार मिनिटं.

उद्या मीच विसरेन म्हणून सगळं लिहून ठेवते. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी डबा लपवतो, साईटवर कोडं टाकतो, बाकीचे शोधतात आणि डब्यातल्या वहीत नोंद करून येतात. माझ्या कोड्यात नकाशा नाही, आकडे नाहीत. साईटवर मी फक्त फ्रीक्वेन्सी आणि टाकीसमोरचा बाक एवढंच दिलंय. साबणाच्या डबीत बसवलेला माझा ट्रान्समीटर सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर पाच मिनिटांनी मोर्समध्ये टिंब-रेघ, टिंब-रेघ करत राहतो. तो ऐकायचा, दिशा धरायची, चालत यायचं. मोर्स मला स्वतःला कानाने समजत नाही. तक्त्यात बघून चिपमध्ये भरलं, पाठवायचं काम ती करते. हे कोणाला सांगायचं नाही.

साईटवर माझं नाव 'सुतळी'. बाई की पुरुष, कोणाला कळायचं कारण नाही.

निघताना सासूबाई दारात होत्या. माझ्या हातात लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. म्हणाल्या, "काय गं, कपडे वाळत घालायला गावाबाहेर निघालीस?" मी म्हटलं, "अहो आई, अँटेना आहे." त्या म्हणाल्या, "असेल." त्यांचं 'असेल' म्हणजे 'पुढे विचारणार नाही' असा शिक्का. पोस्टात होत्या ना आयुष्यभर.

मंगळवार, ६

दोन दिवसांत कोडं सुटलं! सर्वेअरकाका म्हणाले होते महिना जाईल. (सर्वेअरकाका म्हणजे आमच्या शोधगटाचे म्होरके. निवृत्त, पण अजून रस्त्याने चालताना पावलं मोजतात.) त्यांनाच अजून सुटलेलं नाही. पहिल्याच दिवशी ते बरोबर उलट्या दिशेने अर्धा तास चालत गेले. चौकटीच्या अँटेनाचा हाच घोळ आहे. ती फिरवली की एका ठिकाणी आवाज पार बुडतो, म्हणजे ट्रान्समीटर त्या रेषेवर. पण समोर की पाठीमागे, ते ती सांगत नाही. थोडं चालून बघायचं. आवाज वाढला तर बरोबर, घटला तर मागे फिर. शिकताना मीही अशीच एकदा नाल्यापर्यंत जाऊन आले होते, आणि काका महिनाभर हसत होते.

वहीत नाव नव्हतं. पेन्सिलीने काढलेली टिंबं आणि रेघा. घरी येऊन तक्त्यात बघत बघत लावलं. मराठीच, फक्त रोमन अक्षरांत: "छान. पण फार घाईत पाठवतेस."

आधी आनंद झाला. मग भांडी लावताना हात थांबला. पाठवतेस?

रविवार, ११

पुन्हा नोंद. "बॅटरी उतरत आलीय. उन्हात टोपी घाल."

काल मी टोपी घातली नव्हती. काल मी तिथे एकटी होते, निदान मला तसं वाटलं होतं. झाडांकडे बघत उभी राहिले. बॅटरी बदलली, हातातून दोनदा पडली. घरी येईपर्यंत मागे किती वेळा वळून पाहिलं, सांगता येणार नाही.

सासूबाईंना काही बोलले नाही. त्यांचं वय बाहत्तर, उगाच धसका घेतील. आधीच मला त्यांची काळजी लागलीय ती निराळीच. जेवायला बसलं की त्यांचं उजवं बोट टेबलावर थरथरतं. टक, टक. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, अकरा वर्षं, पण हल्ली वाढलंय. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. स्वतःहून त्या जाणार नाहीत. म्हणतील, "असेल."

बुधवार, १४

डॉक्टरांचा नंबर मिळालाय, पुढच्या महिन्यातला. कंपाउंडर म्हणाला, कंप कसा आहे ते लिहून आणा. म्हणून आज जेवताना टेबलाखाली कागद धरून लिहिलं: एक छोटा, तीन लांब. थांबतं. एक छोटा. थांबतं. तीन छोटे, एक लांब. मग पुन्हा पहिल्यापासून तसंच. इतकं नेमकं असतं हे मला माहीत नव्हतं. आजारच वाईट दिसतोय.

नवऱ्याचा बोटीवरून फोन आला, मध्येच चेहरा अडकत होता. त्याला नोंदींचं सांगितलं. म्हणाला, "बंद कर तो खेळ, मी इतक्या लांब, काय करणार?" मी म्हटलं, आईंना सांगू नकोस. तो म्हणाला, "तू सांग ना मग. तुम्ही दोघी एका घरात राहता." त्याला काय जातंय बोलायला.

आणखी एक. सासूबाईंच्या चपलेला निलगिरीचं पान चिकटलं होतं. वाचनालयात गेले होते म्हणाल्या. त्या वाचनालयवाल्यांना आवार झाडायला काय होतं, कळत नाही. म्हातारी माणसं घसरतील.

शनिवार, १७

अक्षर बघ कसं येतंय.

आजची नोंद: "नुसत्या चहावर किती दिवस काढशील? डबा रोज अर्धा परत आणतेस."

मी डबा अर्धा परत आणते हे त्याला कसं माहीत? म्हणजे तो दुकानापर्यंत येतो. मी काम करते ते श्रवणयंत्रांचं दुकान रस्त्यावर आहे, समोर काच. मी पाठीमागच्या टेबलावर भिंग लावून यंत्रं दुरुस्त करते. मान खाली, बाहेरचं काही दिसत नाही. रोज कोणीतरी काचेपलीकडे उभं राहून माझा डबा मोजतंय? दुकानात बॅटऱ्या पोचवणारा? मालक? मालकांना स्वतःचा डबा कुठे ठेवलाय ते आठवत नाही.

चौकीत गेले. हवालदाराने वही उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे बाई, हा माणूस म्हणतो टोपी घाला, डबा संपवा. यात तक्रार काय लिहू? आमच्या घरी तर कोणी इतकं विचारत नाही." शेजारचा हसला. मी वही हिसकावून घेतली आणि बाहेर आल्यावर रडले. भीतीपेक्षा रागाने जास्त. घाबरलेल्या माणसाला हसणाऱ्यांचा मला फार राग येतो.

घरी कडी, साखळी, खिडकीची खिट्टी, सगळं दोनदा तपासलं. सासूबाई बघत होत्या. "काय झालं गं?" मी म्हटलं, "चोऱ्या वाढल्यात." त्यांनी मग ताट पुढे सरकवलं. मी भात नुसता चिवडत बसले. त्यांचं बोट मात्र चालूच, टक, टक. मी जवळजवळ ओरडले असते, की थांबवा ते.

रविवार, १८

सर्वेअरकाकांकडे जाऊन आले. पहिल्यांदा कोणीतरी हसलं नाही. त्यांनी उपाय काढला: पेटी खाणीवर न्यायची.

दगडाची ती खाण बंद पडून वर्षं झाली. टाकीच्या पलीकडे, झाडं संपली की दहा मिनिटांवर. तिथे जायला एकच पायवाट, आणि वाटेवर पंपाची जुनी खोली. पुढच्या रविवारी काका आणि गटातले दोघं त्या खोलीत बसून राहतील. तो आला की समोरासमोर विचारायचं. तोवर मी तिथे एकटीने पाऊल टाकायचं नाही, पेटी ठेवण्यापुरतं सोडून. ती गुरुवारी ठेवणार, बॅटरी किती टिकते ते बघायला.

गुरुवार, २२

ठेवली. दुपारी अर्धी रजा टाकून गेले. पेटी खाणीच्या पलीकडच्या काठावर, दगडाच्या कपारीत. बॅटरीचा अंदाज यावा म्हणून ट्रान्समीटर या वेळी न थांबता, दिवसरात्र चालू.

परत येताना लक्षात आलं. पायवाटेने वळसा घेऊन गेलं तर धोका नाही. पण बाकावरून सरळ दिशा धरून कोणी चालत आलं, तर मध्ये खाण येते. काठावर कमरेएवढं गवत वाढलंय. दोन पावलांवर येईपर्यंत मलाच काठ दिसला नव्हता, आणि मला तो माहीत होता. खाली तीस-चाळीस फुटांवर दगड.

पाटी लावायला हवी होती. पिशवीत पुठ्ठा होता, दोरी होती. मी उभी राहिले, आणि मनात आलं ते इथे खरं खरं लिहिते, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मनात आलं: पडला तर पडू दे.

पुठ्ठा पिशवीतच राहिला. मी घरी आले.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "उद्या किती वाजता येशील?" मी म्हटलं, नेहमीसारखी, साडेपाचला. "बरं," म्हणाल्या. आज फार खुशीत होत्या. मला आपलं बरं वाटलं.

शनिवार, २४ (शुक्रवारचं)

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

शुक्रवारी साडेपाचला घरी आले तर कुलूप. सासूबाईंचा फोन आत वाजत होता, चार्जिंगला. वाचनालय पाचला बंद होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना विचारलं. मशीन न थांबवता म्हणाल्या, "त्या ना? अकराला गेल्या. रोजच जातात की हल्ली. गळ्यात तुमचा तो रेडिओ अडकवून."

"कुठला रेडिओ?"

"तो शिट्टी मारणारा."

बाल्कनीत धावले. खोक्यात माझा पहिला रेडिओ असायचा. स्वतः बनवलेला, फसलेला. काका त्याला म्हणाले होते, "हा ऐकतो कमी आणि बोंबलतो जास्त." खरंच होतं ते. त्या जातीच्या रेडिओचं बटण जरा जास्त पिळलं की तो स्वतःच बारीकशी लहर बाहेर सोडतो, आणि आसपास ऐकणाऱ्यांच्या कानात शिट्टी वाजते. म्हणून मी तो टाकून दिला होता. खोक्यात आता नुसती धूळ, आणि धुळीत रेडिओच्या आकाराची चौकोनी स्वच्छ जागा.

मी तिथेच खाली बसले. टोपी. डबा. निलगिरीचं पान. पाठवतेस. एकेक गोष्ट समोर येत गेली, आणि शेवटी आलं ते खाणीवरचं गवत.

काकांना फोन केला, काय बोलले आठवत नाही. ते म्हणाले गाडी काढतो, पण त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकावरून यायचं होतं. मी चौकट आणि हेडफोन घेऊन पळाले. वाटेत एकच वाक्य तोंडात, पडला तर पडू दे, पडला तर पडू दे. थांबवता येईना.

पोचले तेव्हा सूर्य खाली आला होता, पण उजेड होता. हाका मारल्या. खाणीतून माझाच आवाज परत आला. गवतात कोणी गेल्याच्या खुणा होत्या, काठाच्या दिशेने. काठावर पोटावर झोपून खाली पाहिलं. दगड, झुडपं, सावल्या. प्रत्येक सावली मला राखाडी साडीची दिसत होती.

मग डोकं थोडं चाललं. वळसा घालून पलीकडे गेले, ट्रान्समीटरची वायर उपटली, कारण तो चालू असताना दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पुन्हा अलीकडच्या काठावर येऊन हेडफोन लावला. खरखर. चौकट हळूहळू फिरवली. आणि अगदी तळाशी, बारीक, शिट्टी.

माझा फसलेला रेडिओ बोंबलत होता. त्या कुठेतरी जवळ होत्या.

आवाज बुडाला ती रेषा धरली. रेषेच्या एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला पायवाट आणि पंपाची खोली. समोर की मागे? मी विचारसुद्धा केला नाही. मला माहीतच होतं. खाणच. भीतीने आधीच ठरवून टाकलं होतं. खाणीत उतरायची एक उतरण आहे, तिथून निघाले, दगडावरून घसरत, गुडघा फुटला. वीस पावलं गेले असेन. शिट्टी बारीक झाली. आणखी दहा. आणखी बारीक. माझं मन म्हणत होतं, दगडांच्या आड आहेत म्हणून. खाली चल. कान म्हणत होता, तू लांब चाललीयस.

मी नाल्यापर्यंत गेले होते तेव्हाही असंच मन सांगत होतं.

उभी राहिले. श्वास धरला. तेव्हा ऐकू आलं की शिट्टी सलग नाही. तुटत होती. एक छोटी, तीन लांब. थांबली. एक छोटी. थांबली. तीन छोट्या, एक लांब.

तक्ता जवळ नव्हता. लागलाही नाही. ते बोट मी अकरा वर्षं टेबलावर ऐकलंय.

मागे वळले आणि पळत वर आले. प्रत्येक पावलागणिक शिट्टी वाढत गेली.

सासूबाई पंपाच्या खोलीमागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा पाय फुटक्या गटारात अडकून मुरगळलेला, घोटा भोपळ्याएवढा. मांडीवर रेडिओ, एक बोट त्याच्या तारेवर. बोट टेकवलं की शिट्टी बंद, उचललं की चालू. दुपारी एकपासून त्या हेच करत होत्या.

मी त्यांना धरलं आणि मोठ्याने रडले. त्या म्हणाल्या, "अगं, पाय मोडलाय, गळा कशाला आवळतेस?"

मग जरा वेळाने म्हणाल्या, "गवतापर्यंत गेले होते मी. तिथून पुढे पक्षी वर येताना दिसले, जमिनीतून आल्यासारखे. म्हटलं, पक्षी जमिनीतून कसे येतील? म्हणून मागे फिरले. तर ही मेली गटार."

गाडीची वाट बघताना मी विचारलं, मोर्स कुठे शिकलात?

"कुठे म्हणजे? ऑफिसात. तेवीस वर्षं तारेच्या टेबलावर होते मी."

"तुम्ही तर पोस्टात..."

"त्याच इमारतीत. वरचा मजला. तू एकदा विचारलंस, आई कुठे होतात. मी म्हटलं पोस्टात. तू म्हणालीस, 'म्हणजे तिकिटं वगैरे.' म्हटलं, असेल." रेडिओवरची धूळ पदराने पुसत त्या म्हणाल्या, "त्या दिवशी खिडकीत हा रेडिओ सहज लावून बघितला तर कट्ट-कडकट्ट सुरू. तीस वर्षांनी ऐकलं गं. आणि पाठवणारी माझ्याच घरातली."

"मी किती घाबरले होते, आई. पोलिसात गेले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला. "घाबरलीस? मला वाटलं, तुला कळलंय. मला वाटलं, तूही गंमत करतेयस." मांडीवरचा रेडिओ त्यांनी खाली ठेवला. "चोऱ्या वाढल्यात म्हणालीस, ते माझ्यामुळे होय?"

मी विचारलं, नेहमीची ती तीन अक्षरंच का? संकटाची खूण तर सगळ्या जगाला माहीत असते, मलासुद्धा.

"ती कोणीही पाठवतं. मी आहे हे तुला कसं कळलं असतं?"

बुधवार, २८

प्लास्टर सहा आठवडे. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली. कंपाउंडरने कारण विचारलं, मी म्हटलं, बरं वाटतंय त्यांना.

डॉक्टरसाठी लिहिलेला तो कागद आज तक्त्याशेजारी ठेवला. एक छोटा, तीन लांब. एक छोटा. तीन छोटे, एक लांब. जे, ई, व्ही. जेव.

अकरा वर्षं. एवढंच.

मी दुकानातून यायची, ताटावर बसून फोनमध्ये बघत दोन घास खायची आणि उठायची. तोंडाने बोललं तर सून चिडते, म्हणून त्या बोटाने बोलत होत्या. आणि मी ऐकण्याची यंत्रं दुरुस्त करते. मालकांना सांगितलं तर दुकानावरून पाटी उतरवतील.

खाणीच्या काठावर काकांनी दोरी आणि तांबडी पाटी लावली. ती मीच लावायला हवी होती. गुरुवारचं पान फाडावंसं वाटलं, दोनदा हात गेला. फाडलं नाही. अजून रोज सकाळी जाग येते ती त्याच वाक्याने, आणि मग पलीकडच्या खोलीतून त्यांचं खोकणं ऐकू येतं तेव्हा उठते.

आज जेवताना सासूबाई स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या. सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "काय गं, गुरुवारी तू पेटी ठेवलीस, तेव्हा काठावर काही खूण करायचं तुझ्या मनात आलं नाही?"

"विसरले, आई," मी म्हटलं.

त्यांचं बोट टेबलावर आलं. या वेळी नेहमीपेक्षा लांबलचक होतं, पुढचं मला कळलं नाही, फक्त शेवटची तीन अक्षरं ओळखीची. मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, ऐकलेलं विसरायच्या आत हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदावर टिंबं-रेघा उतरवल्या आणि डब्यामागे चिकटवलेल्या तक्त्यात बघत लावल्या.

"खोटं. जेव."

पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं नाही. मी बसले आणि ताटातलं सगळं संपवलं.